पाय झीरो २ डब्ल्यूचा स्टॉक आला की मोबाइल वाजला पाहिजे, स्क्रिप्ट कशी लिहू?

तासगावचा_टँकर (सप्टेंबर २०२२)
मंडळी, आमच्या दूध संकलन केंद्रातल्या बल्क कूलरचं तापमान मोबाइलवर बघायचंय. सेन्सर येऊन पडलाय, पण तो जोडायला रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू हा छोटा कॉम्प्युटर बोर्ड कुठंच मिळेना. मूळ किंमत १५ डॉलर, आणि मिळालाच तर तिप्पट मागतात. म्हणून पायथनमध्ये स्क्रिप्ट लिहिली: दुकानाचं पान उघडायचं, 'ॲड टू कार्ट' दिसलं की टेलिग्रामवर मेसेज. आता रात्रभर मेसेज येतायत आणि दुकानात खडखडाट! पानाच्या तळाला 'हेही बघा' म्हणून केबल नि केस दाखवतात, त्यांचंच बटण सापडतंय.

जुना_सोल्डर
पानावरचा मजकूर वाचूच नका. दुकान शॉपिफायवर (ऑनलाइन दुकानं चालवायची तयार सेवा) असेल तर वस्तूच्या पत्त्याला शेवटी डॉट जेएस लावून बघा. सरळ जेसन मिळतं, म्हणजे स्क्रिप्टला वाचता येईल अशी नीट मांडलेली माहिती, त्यात 'अव्हेलेबल' ट्रू की फॉल्स ते असतं. शॉपिफाय नसेल तर पानाच्या सोर्समध्ये, म्हणजे मागच्या कोडमध्ये, 'अव्हेलेबिलिटी' शोधा. गुगलला कळावं म्हणून बरीच दुकानं स्कीमा डॉट ऑर्गच्या पद्धतीनं तिथं 'इनस्टॉक' किंवा 'आउटऑफस्टॉक' लिहून ठेवतात.

एक मेख आहे. साठा संपल्यावरही ऑर्डर घ्यायची असं दुकानदारानं ठरवलं असेल तर शॉपिफाय ट्रूच सांगतं. म्हणजे प्री-ऑर्डर. नावात तो शब्द आहे का तपासा, नाहीतर पैसे भरून बसाल आणि बोर्ड येईल दिवाळीनंतर. कुठल्या दिवाळीनंतर ते विचारू नका.

कोथरूडची_क्रॉन
दादा, मागची स्थिती फाइलमध्ये ठेवा आणि फॉल्सचं ट्रू झालं तेव्हाच मेसेज पाठवा. पान उघडलंच नाही तर ते फॉल्स धरायचं नाही, जुनी स्थिती तशीच राहू द्यायची. फॉल्स धरलं तर नेट गेलं-आलं की खोटा मेसेज येतो. दोन-तीन मिनिटांनी एकदा विचारलं तरी पुरतं. ४२९ आलं, म्हणजे 'फार वेळा विचारताय' असा सर्व्हरचा एरर, तर सोबतचं 'रिट्राय-आफ्टर' सांगेल तेवढं थांबा. छोटी दुकानं आहेत, सर्व्हर बंद पाडाल त्यांचा. स्क्रिप्ट गिटहब ॲक्शन्सवर, म्हणजे गिटहबच्या सर्व्हरवर, फुकट चालवायचा मोह होईल, पण तिथं पाच मिनिटांहून कमी अंतर ठेवता येत नाही, आणि गर्दीत तेही लांबतं. घरातला जुना लॅपटॉप बरा.

तासगावचा_टँकर
डॉट जेएस चाललं! मग आता खरेदीही स्क्रिप्टलाच करायला लावू का?

जुना_सोल्डर
आणि ओटीपी कोण टाकणार, म्हैस? यूपीआयचा पिनही तुम्हालाच दाबायचाय. मेसेजमध्ये वस्तूची थेट लिंक द्या, दुकानात लॉगिन करून पत्ता नि पिनकोड आधीच भरून ठेवा. टेलिग्रामवर स्क्रिप्टचे मेसेज ज्या बॉटकडून येतात त्याला वेगळा आवाज लावा, नाहीतर ग्रुपांच्या सुप्रभातात बुडेल. 'एकाला एकच' असं लिहिलं असेल तर हावरटपणा नको, दोन टाकलेत तर अख्खी ऑर्डर रद्द करतात.