सात महिने परदेशात राहायचं आहे. खूळ म्हणाल की शहाणपण?

मुलुंडकरीण

मी ४७, नवरा ५१. मुलगा पुण्यात हॉस्टेलवर, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. मुलुंड पूर्वेचा टू बीएचके आमचा आहे, कर्ज गेल्या दिवाळीत फिटलं. घराचे मूळ कागद घेऊन बँकेतून बाहेर पडलो, समोरच्या टपरीवर चहा घेतला आणि नवरा म्हणाला, "आता काय करायचं?" तिथून हे सुरू झालं.

बेत असा: एप्रिल ते ऑक्टोबर, सात महिने बाहेर. दहा दिवसांत सात देश दाखवणारी सहल नाही. एकेका गावात महिना-दीड महिना खोली घ्यायची, मंडईतून भाजी आणायची, घरीच शिजवायचं. आधी पोर्तुगाल-स्पेन, मग जॉर्जिया, जमलं तर तुर्कस्तान. मला ऑफिसमधून विनावेतन रजा मिळेल असं दिसतंय. नवरा नोकरी सोडतोय (त्याला तशीही सोडायचीच होती). घर भाड्याने दिलं तर महिना ४५ हजार येतील, बाकीचं एफडीतून. गाडी बदलायची होती, स्वयंपाकघर नवं करायचं होतं, ते रद्द करून ती एफडी साठवली आहे.

सासूबाई ७६ वर्षांच्या, दादरला धाकट्या दिराकडे असतात. माझी आई ठाण्यात एकटी, पण ठणठणीत.

माझं म्हणणं इतकंच की "रिटायर झाल्यावर बघू" म्हणणारे बहुतेक जण काही बघत नाहीत. आमच्याच विंगमध्ये तिघांच्या माळ्यावर कोऱ्या बॅगा पडून आहेत आणि तिघांचेही गुडघे गेलेत. आत्ताच सगळं त्या बेताने लावून घेतलं तर जमतं. पटतंय का? नसेल तर का नाही, ते स्पष्ट सांगा.

मस्तमौला

जा बिनधास्त! आणि सात महिने म्हणजे १८२ दिवसांच्या वर, म्हणजे एनआरआय व्हाल, टॅक्सही वाचेल. बोनस!

आकडेमोड

मस्तमौला, असले सल्ले देऊ नका हो. एप्रिल ते ऑक्टोबर बाहेर राहिल्या तरी उरलेले पाच महिने त्या भारतातच आहेत. वर्षात ६० दिवस इथे आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस इथे, एवढं भरलं की माणूस रहिवासीच धरला जातो. ६० च्या जागी १८२ दिवसांची सवलत नोकरीसाठी बाहेर जाणाऱ्यांना आहे, फिरायला जाणाऱ्यांना नाही. घरभाडंसुद्धा रिटर्नमध्ये दाखवावं लागेल.

मुलुंडकरीण, घराचं सांगतो. लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवल्याशिवाय किल्ली कुणाच्या हातात देऊ नका, मग तो नवऱ्याचा मित्र का असेना. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५: करार लेखी हवा, नोंदलेला हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. नोंदला नाही आणि उद्या भांडण झालं, तर भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरतात. त्या खोट्या ठरवायचं काम तुमच्या गळ्यात. हल्ली ऑनलाइन होतं, एजंट घरी येऊन अंगठे घेऊन जातो. त्याच कायद्याचं कलम २४ वाचून ठेवा: मुदत संपूनही घर सोडलं नाही तर दुप्पट भाडं मागता येतं. आणि सोसायटीचा सेक्रेटरी नॉन-ऑक्युपन्सीच्या (मालक स्वतः राहत नाही म्हणून घेतात ते शुल्क) नावाखाली वाट्टेल तो आकडा सांगेल. सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर घेता येत नाही, शासनाचा आदेश आहे.

बाकी बेत मस्त. माझी बायको हे वाचत नाहीये हे बरंय.

थोरली

मी असहमत. आणि थोडी रागावून लिहितेय, आधीच माफी मागते.

माझा धाकटा भाऊ आणि वहिनी असेच आठ महिने गेले होते. निघताना सगळं अगदी शिस्तीत: घराचा करार, कार्डं, वडिलांची मेडिक्लेमची फाइल, झेरॉक्सचे दोन सेट. जाऊन तीन महिने झाले आणि वडील बाथरूममध्ये पडले. खुब्याचं हाड. रात्री पावणेतीनला मी हॉस्पिटलच्या काउंटरवर उभी. पॉलिसी भावाच्या नावावर, ओटीपी भावाच्या नंबरवर. भाऊ पोर्तुगालमध्ये, लिस्बनला. तिथे तेव्हा रात्रीचे सव्वादहा. हे दोघे जेवायला बाहेर आणि भारतातलं सिम जुन्या फोनमध्ये, तो फोन खोलीतल्या ड्रॉवरमध्ये. मी माझ्या कार्डावर डिपॉझिट भरलं. कार्डाचं लिमिट संपलं तेव्हा शेजारच्या बेडच्या मुलाने उरलेले भरले. ओळख ना पाळख.

सकाळी फॅमिली ग्रुप उघडला तर भावाने रात्रीच्या जेवणाचा फोटो टाकलेला. भाजलेल्या तारल्या. आम्ही कोकणातले, तारल्या काय पाहिल्या नाहीत का!

तुम्ही लिहिलंय, सासूबाई दिराकडे असतात. एक विचारू? गोळ्या दीर देतात की जाऊ?

मुलुंडकरीण

जाऊ देते. बरोबर पकडलंत.

पण थोरली, मी मुलुंडला असते तेव्हाही रोजचं सगळं तीच करते. मी रविवारी जाते, फळं नेते, दोन तास बसते. सात महिने नसेन म्हणजे तीस रविवार नसेन. तुमच्या भावाचं चुकलं ते सिम ड्रॉवरमध्ये ठेवण्यात आणि पॉलिसीत तुमचा नंबर न घालण्यात. ते टाळता येतं. तेवढ्यावरून जायचंच नाही?

थोरली

तीस रविवार तुमच्या हिशोबात. तिच्या हिशोबात दोनशेच्या वर दिवस "काही झालं तर वहिनी आहेत" हा आधार नसणार. पॉलिसीवर माझा नंबर असता तरी पावणेतीनला काउंटरवर मीच असते.

पेन्शनर पार्लेकर

भांडू नका. याच मुंबईतून १९२३ च्या ऑक्टोबरात सहा पारशी तरुण सायकलवर जग फिरायला निघाले होते. बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे गडी. तिघे वाटेत गळाले. हकीम, बापासोला आणि भुमगरा हे तिघे १९२८ च्या मार्चमध्ये परत आले. साडेचार वर्षं! इराण, सहारा, अमेरिका, जपान, सगळं सायकलवर. त्यांनी कुठल्या एफडीचा हिशोब केला होता? माणसाने निघावं.

थोरली

काका, त्यांच्या घरी साडेचार वर्षं आईबापांचं कोण बघत होतं, ते कुणी लिहून ठेवलंय का?

पेन्शनर पार्लेकर

नाही बुवा. हे मात्र मी कधी शोधलं नाही.

सही_शिक्का

भावना बाजूला ठेवा, तुमचा बेत आधी व्हिसाच्या खिडकीवर अडकणार आहे.

एक. शेंगेनमध्ये (एकच व्हिसा चालणारे युरोपातले देश, पोर्तुगाल-स्पेन त्यातच) कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस, त्याच्या वर एकही नाही. पोर्तुगालमधून स्पेनला गेलात म्हणून मीटर शून्यावर येत नाही, सगळे मिळून एकच खातं आहे.

दोन. तो व्हिसा देताना त्यांना एकच गोष्ट बघायची असते: हा माणूस परत जाईल ना? म्हणून ऑफिसचं रजेचं पत्र, सॅलरी स्लिप, टॅक्सचे रिटर्न. तुमचा नवरा राजीनामा देऊन मोकळा होऊन अर्ज करणार. मोकळा झालेला माणूसच त्यांना सगळ्यात संशयास्पद वाटतो! अर्ज आधी, राजीनामा नंतर, असला आगाऊपणा करू नका, खोटं बोलल्यासारखं होतं. पण त्यानेही तुमच्यासारखी रजा मागून बघावी. घर स्वतःचं आहे, मुलगा इथे शिकतोय, ते कागद जोडा. ३० हजार युरोंचा मेडिकल विमा लागतोच. आणि इथला मेडिक्लेम या काळात बंद पाडू नका, जुन्या आजारांचा प्रतीक्षा काळ पुन्हा पहिल्यापासून मोजतील.

तीन, आणि इथे भले भले फसतात. शेंगेन व्हिसाच्या जोरावर जॉर्जियात शिरता येतं, तुर्कस्तानचा ३० दिवसांचा ई-व्हिसा मिळतो. पण तो व्हिसा तेव्हा चालू असायला हवा. पहिल्या खेपेला बहुतेक वेळा मागितलेत तेवढ्याच दिवसांचा देतात. ९० दिवस स्पेनमध्ये संपवलेत की हातात नुसता स्टिकर उरतो. २०२४ पासून भारतीयांसाठी नियम सैल झालेत: आधीच्या तीन वर्षांत दोन व्हिसे नीट वापरले असतील तर दोन वर्षांचा मिळू शकतो. तुमचे दोन झालेत का?

मुलुंडकरीण

एकही नाही. आत्तापर्यंत सिंगापूर आणि दुबई.

मस्तमौला

मग नोकरी सोडताच कशाला? लॅपटॉप घेऊन जा, तिकडून काम करा. सगळे करतात.

सही_शिक्का

सगळे करतात आणि कुणी बोलत नाही. टुरिस्ट व्हिसावर काम करायची परवानगी नसते. त्यासाठी वेगळे व्हिसे असतात, त्यांना उत्पन्नाची अट असते.

भाडेकरू_१४_वर्षे

कुणीतरी भाडेकरूच्या बाजूनेही बोला राव. चौदा वर्षांत पाच घरं बदलली, म्हणून सांगतो. एप्रिल ते ऑक्टोबर घर घेणार कोण? मुलाबाळांचा माणूस शाळेच्या हिशोबाने मे महिन्यात घर बदलतो आणि अकरा महिन्यांनंतर वाढवून मिळणार का, हे आधी विचारतो. सात महिन्यांसाठी येतात ते नव्या फ्लॅटचं पझेशन लांबलेले. बिल्डर त्यांना सप्टेंबर म्हणालेला असतो. तुम्ही नोव्हेंबरात बॅगा घेऊन दारात आणि तो आत, "फक्त दोन महिने हो ताई" म्हणत. कलम २४ आहे, पण तोवर तुम्ही राहणार कुठे? दादरला?

अवांतर: एका मालकिणीने देवघर आणि एक बेडरूम कुलूप लावून ठेवली होती. भाडं पूर्ण घराचं.

कुलूपकिल्ली

त्यापेक्षा घर बंद ठेवू असं वाटेल. ठेवू नका! आम्ही एक पावसाळा ठेवलं. दार उघडलं तर आधी वास. कपाटामागे भिंतीवर पांढरी बुरशी, नवऱ्याचा पट्टा हिरवा, वॉशिंग मशीनच्या दाराचं रबर काळं. नहाणी ट्रॅपमधलं पाणी आटलं होतं, त्या वाटेने झुरळं वर आलेली. शालू मलमलमध्ये गुंडाळला होता, तरी घडीवर डाग पडले. दर पंधरा दिवसांनी कुणीतरी येऊन खिडक्या उघडून, मोरीत बादलीभर पाणी ओतून जायला हवं होतं.

थोरली

"कुणीतरी".

आकडेमोड

थोरली, तुमचं दुःख मान्य, पण मग मुंबईत राहून तरी कोण कुणासाठी असतं? मी कांदिवलीला, आई डोंबिवलीला. पावसात गाड्या बंद पडल्या की मी तिकडे जॉर्जियात, तिबिलीसीत असल्यासारखाच.

थोरली

हो, पण गाड्या सुरू झाल्या की तुम्ही तिच्याकडे पोचता ना.

मुलुंडकरीण

चार दिवस गप्प होते, कारण रविवारी दादरला गेले होते आणि जावेला सगळं सांगून टाकलं. वाटलं होतं, तोंड पाडेल. ती भांडी विसळत होती. हात न थांबवता म्हणाली, "जा ना वहिनी. पण आधी मे महिन्यात आईंना तुमच्याकडे न्या. अकरा वर्षांत मी रत्नागिरीला चार दिवसांच्या वर राहिलेली नाही. मला आंबे उतरवायला जायचंय." तिने हे कधी कुणाकडे मागितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं.

तर एप्रिल गेला. सासूबाई मेभर मुलुंडला. घर जूनपासून पूर्ण अकरा महिन्यांच्या करारावर, म्हणजे भाडेकरूंचंही म्हणणं ऐकलं. परत आल्यावर मे उजाडेपर्यंत आईकडे ठाण्यात राहू, तिला विचारलंय, ती खूश आहे. युरोपात ८० दिवस, मग व्हिसा चालू असतानाच जॉर्जिया, दिवाळीआधी परत. सात महिन्यांचे जेमतेम पाच झाले. नवरा रजा मागणार आहे, कुरकुरतोय. मी जाणार हे मात्र नक्की, थोरली, त्यावर तुमचं-माझं जमणार नाही.

थोरली

जमायला नकोच. सिम चालू फोनमध्ये ठेवा. पॉलिसीवर जावेचा नंबर घाला, आणि दिराचाही. कधीतरी त्यालाही पावणेतीनला उठू दे.

मुलुंडकरीण

घातले, दोन्ही.

आणि सराव म्हणून त्याच रविवारी सासूबाईंच्या आठवड्याच्या गोळ्यांचा डबा मी भरला. सात दिवस, तीन-तीन खण. वीस मिनिटं लागली, चष्मा लावून, चिठ्ठी समोर ठेवून. जावेने तो हातात घेतला, बघितला, बुधवारच्या रात्रीच्या खणातली गोळी काढून सकाळच्या खणात टाकली आणि डबा फ्रिजवर ठेवून दिला.