मदत हवी आहे: हाडाची नळी माणसानं फोडली की नंतर मोडली?

नमस्कार मंडळी. पुरातत्त्वात एम.ए. करतेय, शेवटचं वर्ष. प्रबंधासाठी घोड नदीकाठच्या एका ताम्रपाषाणयुगीन वस्तीतली जनावरांची हाडं वाट्याला आली आहेत. इनामगावच्या जोर्वे संस्कृतीच्या लोकांचे शेजारीच म्हणा. चारशेच्या वर तुकडे, बहुतेक बोटाएवढे. शेळी की मेंढी या फंदात सध्या पडत नाही, तुकड्यांवरून ते भल्याभल्यांना जमत नाही.

अडलंय ते तुटलेल्या कडांपाशी. वाचताना सोपं वाटतं: ताजं हाड फुटलं की तूट तिरकी, वळसा घेत जाते आणि कड गुळगुळीत राहते, वाळलेलं मोडलं की काटकोनात, खडबडीत. प्राचीन हाडांचे अभ्यासक आउट्रम यांच्या पद्धतीत तुटीचा कोन, आकार आणि पोत यांना प्रत्येकी 0 ते 2 गुण. बेरीज 0 म्हणजे ताजं असताना फुटलं, 6 म्हणजे पार वाळल्यावर. माझे निम्मे तुकडे 3 वर लटकलेत!

शेवटी खाटकाकडून बोकडाच्या चार अख्ख्या नळ्या आणल्या ("न तोडता? मग सूप कसं करणार, ताई?"). दोन त्याच दिवशी गच्चीत दगडावर ठेवून वरवंट्यानं फोडल्या. दोन उकळून, महिनाभर वाळवून. ताज्या नळीवर घाव बसला तिथं अर्धचंद्रासारखी खाच पडली आणि आतून कपची उडाली. (वरवंटा आता कायमचा माझा. आई तो स्वयंपाकघरात घेत नाही.) तशी खाच माझ्या पिशव्यांत तीनच तुकड्यांवर आहे. एवढ्यावर "मज्जेसाठी नळ्या फोडत" असं लिहू का? आणि एक कड तिरकी, दुसरी काटकोनी असेल तर काय धरायचं?

हाडवैरी:
दोन्ही धरा, पण वेगवेगळ्या नोंदवा. नळी आधी ताजी फुटते, फेकली जाते, मग काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, त्यात पुन्हा मोडते. कडेवर चुनखडीचं पुट असेल तर तूट जुनी. कड बाकीच्या हाडापेक्षा पांढरी असेल तर ती कुदळीची नाहीतर धुतानाची, ती बाद. आणि तिरकी तूट म्हणजे माणूसच असं नाही हो, कुत्रंही ताजी नळी फोडतं. टोकं चघळलेली आहेत का, दातांचे खळगे आहेत का ते भिंगाखाली बघा, दिवा आडवा धरून.

रस्सा_कमी:
उकळलेल्या दोन नळ्या प्रयोगातून काढा. उकळल्यावर हाडातलं कोलॅजन (हाडाला चिवटपणा देणारं प्रथिन) कमी होतं. रश्श्यातलं हाड आणि नुसतं वाळलेलं हाड एका मापानं मोजू नका.

धागाकर्ती:
उकळण्याचं लक्षातच आलं नाही, पुन्हा खाटकाकडे जाते. हाडवैरी, दिवा आडवा धरून पाहिलं. तीन खाचांपैकी एकीच्या बरोबर समोर, पलीकडच्या बाजूला, गोल खळगा आहे. शेजारी आणखी दोन, बारीक. हे दातच ना? म्हणजे उरल्या दोन.