पॉल मेस्कल: एका रात्रीत?
कुणीतरी म्हटलंय की आयरिश अभिनेता पॉल मेस्कल 'नॉर्मल पीपल' या मालिकेमुळे एका रात्रीत स्टार झाला. प्रसिद्धी तशी मिळाली खरी, २०२० मध्ये, सगळे टाळेबंदीत घरी बसलेले असताना. पण त्याआधी पठ्ठ्या काही रिकामा नव्हता. आयर्लंडमधल्या किल्डेअर परगण्यातल्या मेनूथचा हा मुलगा किल्डेअरच्या कुमार संघातून गेलिक फुटबॉल (आयर्लंडचा पारंपरिक मैदानी खेळ) खेळायचा. जबड्याला दुखापत झाली आणि खेळ सुटला. मग डब्लिनच्या लिर अकादमीत अभिनयाचं शिक्षण, २०१७ मध्ये पदवी आणि तिथल्याच गेट थिएटरमध्ये 'द ग्रेट गॅट्सबी' नाटकात थेट गॅट्सबीची मुख्य भूमिका. 'नॉर्मल पीपल'मध्ये त्याने साकारलेला कॉनेलही गेलिक फुटबॉल खेळतो, तिथे त्याला फारसा अभिनय करावा लागला नसेल! मला मात्र तो 'आफ्टरसन' या चित्रपटात जास्त भिडला. ऑस्करचं नामांकन उगाच नव्हतं मिळालं.