होम रन डर्बी: घड्याळ हवं की चेंडूंची मर्यादा?

अटलांटाकर
जुलै २०२५ मध्ये अटलांटाच्या ट्रुइस्ट पार्क स्टेडियमला लेकीला घेऊन होम रन डर्बी पाहिली, तेव्हापासून हे मनात आहे. ज्यांनी कधी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: अमेरिकेतल्या बेसबॉलच्या ऑल-स्टार (निवडक खेळाडूंच्या) सामन्याच्या आदल्या संध्याकाळी आठ बॅटर उतरतात, त्यांच्याच पसंतीचा माणूस सोपे चेंडू टाकतो, ज्याचे होम रन (हवेतून थेट कुंपणापलीकडे गेलेले फटके) जास्त तो पुढे. १९८५ पासून हे चालू आहे. आधी ठरावीक 'आउट' मिळायचे, म्हणजे होम रन न गेलेला प्रत्येक फटका आउट. २०१५ पासून घड्याळ आलं. २०२४ पासून घड्याळाच्या जोडीला चेंडूंची मर्यादाही आली: पहिल्या दोन फेऱ्यांत तीन मिनिटं किंवा ४० चेंडू, अंतिम फेरीत दोन मिनिटं किंवा २७. त्यानंतर बोनस. त्यात घड्याळ नाही, तीन आउट होईपर्यंत मारत राहायचं.

मला हा बदल मनापासून आवडला, आणि त्याचं कारण म्हणजे बोनस. घड्याळ धावत असताना एक चेंडू हवेत असतो तोवर दुसरा सुटतो, कुठे बघावं कळत नाही. बोनस लागला की सगळं स्टेडियम सावकाश श्वास घेतं. लेकीने आउटफिल्डमध्ये चेंडू गोळा करणारा एक मुलगा हेरून ठेवला होता. दोनदा तो चेंडूखाली धावत गेला आणि दोन्ही वेळा हुकला. तिसरा त्याने दोन्ही हातांनी छातीशी धरला, तेव्हा ही बाकावर उभी राहून ओरडत होती. आठांपैकी एक असलेल्या कॅल रॅलीला त्याचे वडील चेंडू टाकत होते आणि धाकटा भाऊ कॅचर म्हणून मागे बसला होता. अशा गोष्टी डोळे भरून बघायला वेळ मिळायला हवा.

क्लीव्हलंडकर
अजिबात पटलं नाही. २०१९ ला क्लीव्हलंडच्या प्रोग्रेसिव्ह फील्डवर डर्बी झाली तेव्हा मी होतो. ग्वेरेरो ज्युनिअर आणि जॉक पीडरसन, उपांत्य फेरी. २९-२९. जादा मिनिटात दोघांचे आठ-आठ. मग प्रत्येकी तीन फटके: १-१. पुन्हा तीन: २-१. एकूण ४०-३९! शेवटचे आकडे मिटताना शेजारचा अनोळखी म्हातारा माझं मनगट धरून उभा होता. हे घड्याळाने दिलं. २०२३ ला सिअ‍ॅटलमध्ये हुलिओ रॉड्रिगेझने घरच्या लोकांपुढे एका फेरीत ४१ मारले. आता चेंडूच ४० मिळणार आणि त्यातले थोडे तरी वाया जाणारच. मग तो आकडा कोण गाठणार? विक्रमाची वाट बंद करून ठेवलीत.

मैदानवेडा
विक्रमाचं म्हणता, तर त्याच सिअ‍ॅटलच्या पहिल्या फेरीचे आकडे पुन्हा बघा. अ‍ॅडली रचमनने २७ मारले आणि तो घरी गेला, कारण समोरच्या लुइस रॉबर्टचे २८ झाले. दुसऱ्या जोडीत अरोझारेना २४ वर पुढे गेला, थेट अंतिम फेरीपर्यंत. २७ वाला बाहेर आणि २४ वाला आत! २०२४ पासून पहिल्या फेरीत जोड्याच नाहीत, आठातले वरचे चार पुढे. माझ्या लेखी खरी सुधारणा ही. चेंडूंची मर्यादा असली काय, नसली काय.

सुपरओव्हर
मग वरच्या चारांत बरोबरी झाली की काय करता? अटलांटात तेच झालं. रॅली १७, ब्रेंट रूकर १७. निकाल कशावर? कोणाचा सर्वात लांब फटका किती फूट. ४७०.६१ विरुद्ध ४७०.५३. फरक एक इंचही नाही. आणि हे अंतर टेपने मोजलेलं नसतं. चेंडू स्टँडमध्ये आदळतो, अडला नसता तर कुठवर गेला असता याचा तो यंत्राने काढलेला अंदाज. त्या अंदाजाच्या दशांशावर रूकर घरी, आणि रॅली पुढे विजेता! २०१९ ला लॉर्ड्सवर सुपर ओव्हरही बरोबरीत सुटल्यावर न्यूझीलंडला चौकार-षटकारांच्या मोजणीवर हरवलं, तेव्हा आपण सगळे चिडलो होतो. आयसीसीने तो नियम नंतर काढून टाकला.

दुसऱ्याच रात्री, त्याच मैदानावर, ऑल-स्टार सामना ६-६ वर अडकला तेव्हा प्रत्येकी तीन फटक्यांनीच निकाल लावला. काइल श्वार्बरने तिन्ही बाहेर मारले. सामन्याला चालतं ते डर्बीच्या पहिल्या फेरीला का चालू नये?

अटलांटाकर
सुपरओव्हर, हे शंभर टक्के मान्य. पुढच्या फेऱ्यांत बरोबरीला जादा फटके आहेतच, तेच पहिल्या फेरीत आणा. दोन मिनिटांचं काम आहे. रूकरला तीन फटके मिळायला हवे होते.

क्लीव्हलंडकर
यावर माझंही दुमत नाही. पण ४० ची अट मला सलतेच. पहिल्या फेरीत ठेवा हवी तर, मैदानवेडा म्हणतात तसे वरचे चार काढायला. उपांत्य फेरीपासून दोघंच समोरासमोर असतात, तिथे नुसतं घड्याळ लावा.

अटलांटाकर
नाही. उपांत्य फेरीतच तर चेंडू पडेपर्यंत बघायचा असतो.

क्लीव्हलंडकर
पुढची डर्बी एकत्र बघू. मी माझं घड्याळ घेऊन येतो, तुम्ही लेकीला आणा.