जुन्या सिटी व्हीटेकला टर्बो : रेडिएटर किती मोठा हवा?

प्रश्न : कात्रज_१५००

गाडी होंडा सिटी १.५ व्हीटेक, २००२ची. मूळ ताकद १०६ बीएचपी. इंजिनाचं कॉम्प्रेशन आणि लीकडाउन (सिलिंडरमधून दाब किती गळतो ते) तपासून झालंय, चारही सिलिंडर सारखे आहेत. छोटा टर्बो, ०.५ बार बूस्ट (टर्बो इंजिनात हवा कोंबतो तो जादा दाब), समोर इंटरकूलर (ती हवा थंड करणारी जाळी) आणि वेगळा ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) असं ठरलंय. इंजिनावर १५०-१५५ बीएचपी मिळाले तरी पुरे.

मूळ रेडिएटर पातळ, एकपदरी (नळ्यांची एकच रांग) आहे. गॅरेजवाला म्हणतो, "जाड रेडिएटर टाका, थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावरच रेडिएटरकडे सोडणारी झडप) काढून टाका, काही होत नाही." दुसरा म्हणतो, रेडिएटरला हातच लावू नका. वापर पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये, सुट्टीला ताम्हिणी किंवा वरंधा घाट, आणि वर्षातून काही वेळा रेसिंग ट्रॅकवर. ऑइल कूलर लागेल का, हेही सांगा.

उत्तर : मॅनिफोल्ड

दोघांचंही अर्धवट बरोबर आहे. टर्बो बसवला म्हणून गाडी सतत जास्त उष्णता तयार करत नाही. पेट्रोल जास्त जळेल तेव्हाच उष्णता वाढते. फुल थ्रॉटलला इंजिन जेवढी ताकद क्रँकला देतं, साधारण तेवढीच किंवा थोडी कमी उष्णता पाण्यात जाते. १०६ बीएचपी म्हणजे ७९ किलोवॅट, १५५ म्हणजे सुमारे ११६. म्हणजे पूर्ण बूस्टवर कूलिंगचा भार जवळपास दीडपट. पण स्वारगेटच्या सिग्नलला उभं असताना तो मूळ गाडीएवढाच.

म्हणून रेडिएटर किती हवा हे बूस्टच्या आकड्यावरून ठरत नाही, बूस्ट सलग किती वेळ राहतो यावरून ठरतं. शहरात ८-१० सेकंद ओढलं की पाय उचलावाच लागतो, तेवढी उष्णता पाणी आणि धातू पोटात घेतात. घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये मिनिटभर लोड राहतो आणि वेग कमी असल्यानं हवाही कमी मिळते. ट्रॅकवर १५ मिनिटं सलग. तुमचा वापर बघता रेडिएटर बदला, पण रुंदीनं मोठा घ्या, फार जाड नको. ४० मिमीच्या आसपासचा दोनपदरी अॅल्युमिनियम कोअर पुरतो. ५५ मिमीच्या जाड कोअरमधून हवा ओढायला पातळ पंख्यात दम नसतो. ट्रॅफिकमध्ये तीच गाडी आधीपेक्षा जास्त तापते.

या इंजिनाची खरी अडचण जागेची आहे. एक्झॉस्ट पुढच्या बाजूला आहे, म्हणजे टर्बो रेडिएटर आणि इंजिनाच्या मधोमध येणार. पंख्याची मोटर आणि टर्बाइन हाउसिंग यांत ५० मिमी तरी अंतर सोडा, मध्ये पत्र्याची शील्ड लावा, टर्बाइनला ब्लँकेट घाला. वरचा होजपाइप जवळून जात असेल तर त्याला उष्णतारोधक स्लीव्ह हवीच.

थर्मोस्टॅट काढू नका. ७८ ते ८२ अंशांना उघडणारा चांगला थर्मोस्टॅट भारात पूर्ण उघडलेलाच असतो, तो काढून कूलिंगची क्षमता वाढत नाही. उलट इंजिन थंड राहतं, ईसीयू पेट्रोल जास्त सोडत राहतो आणि सिलिंडरची झीज वाढते.

उत्तर : घाटमाथा

वरच्यात भर. रेडिएटरवर पैसे घालण्याआधी हवेच्या वाटा बंद करा. बंपरमधून आलेली हवा जाळीतून जाण्याऐवजी बाजूच्या आणि वरच्या फटीतून निसटते. रेडिएटर आणि चौकट यांच्यामधल्या फटी अॅल्युमिनियमच्या पट्ट्या आणि बंद-पेशींचा फोम लावून बुजवा. इंजिनाखालचा प्लॅस्टिकचा ट्रे बऱ्याच जुन्या गाड्यांत तुटून गेलेला असतो. तो परत बसवा, नाहीतर वेगात बॉनेटखाली दाब साठतो आणि जाळीतून हवा जाईनाशी होते.

पंख्याला आवरण हवंच. उघडा पंखा फक्त स्वतःच्या पात्यांएवढ्या गोलातून हवा ओढतो, बाकीची जाळी रिकामी राहते. प्रत्येक पंख्याला वेगळा रिले, वेगळा फ्यूज आणि ४ चौरस मिमीची वायर द्या. बारीक वायरीत व्होल्टेज पडतं आणि पंखा आळशी फिरतो. पंखा सुरू ९२ अंशांना, बंद ८७ला, असं ईसीयूत घाला.

प्रश्नकर्ता : कात्रज_१५००

इंटरकूलर रेडिएटरच्या पुढे आला की रेडिएटरला गरम हवा मिळेल ना? आणि रेडिएटरचं झाकण १.३ बारचं टाकू का?

उत्तर : मॅनिफोल्ड

हिशेब करून बघा. बाहेर ३५ अंश, ०.५ बार बूस्ट, कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ६८ टक्के धरली तर हवा साधारण ९० अंशांना बाहेर पडते. ७० टक्के काम करणारा इंटरकूलर ती ५२च्या आसपास आणतो. एवढी हवा थंड करताना बाहेर पडणारी उष्णता चार-पाच किलोवॅट. पाण्यातल्या उष्णतेपुढे ती किरकोळ आहे. त्रास होतो तो वाट अडल्यामुळे : इंटरकूलर, एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर अशा तीन जाळ्या एकामागे एक. म्हणून इंटरकूलर ५० मिमीच्या आसपासच्या जाडीचा घ्या आणि रेडिएटरचा अर्धा भाग तरी मोकळा ठेवा.

झाकण मूळ १.१ बारचंच, पण नवं टाका. त्या दाबाला साधं पाणीही १२१ अंशांपर्यंत उकळत नाही. १.३ला जेमतेम तीन अंश जास्त मिळतात, आणि वीस वर्षं जुन्या हीटर कोअरवर ताण येतो. आधी सगळे होजपाइप नवे करा. आपल्याकडे पाणी गोठत नाही, त्यामुळे ७० टक्के डिस्टिल्ड वॉटर आणि ३० टक्के कूलंट चालेल. ग्लायकॉल जास्त झालं की मिश्रणाची उष्णता वाहण्याची क्षमता घटते. बोअरचं पाणी मात्र अजिबात नको, क्षार धरतं.

उत्तर : लॅम्डा_०८

कूलिंगच्या नावाखाली ज्या तक्रारी येतात त्यांतल्या बऱ्याच ट्यूनिंगच्या असतात, म्हणून हे लिहितोय. बूस्टमध्ये मिश्रण ११.५ ते ११.८वर ठेवा (वजनानं एक भाग पेट्रोलला तेवढे भाग हवा). ठिणगीचं टायमिंग फार मागे घेतलं तर एक्झॉस्ट आणि हेड दोन्ही तापतात. फार पुढे ठेवलं तर नॉकिंग होतं, म्हणजे उरलेलं मिश्रण ज्वाला पोचायच्या आधी आपोआप पेटतं. नॉकिंगमध्ये सिलिंडरच्या भिंतीलगतचा वायूचा थर विस्कटतो आणि उष्णता थेट धातूत घुसते. या ब्लॉकचं डेक (वरचा माथा) उघडं आहे, सिलिंडरांना वरून आधार नाही, नॉकिंग त्याला सोसत नाही. स्पार्क प्लग एक नंबर थंड (उष्णता लवकर सोडणारा) घ्या, एनजीकेमध्ये ६च्या जागी ७, गॅप ०.७ मिमी.

ऑइल कूलर ट्रॅकसाठी हवा, तोही थर्मोस्टॅट असलेल्या सँडविच प्लेटवर (इंजिन आणि ऑइल फिल्टर यांच्या मध्ये बसणारी चकती). नाहीतर पावसाळ्यात ऑइल ७०च्या वर चढतच नाही आणि त्यातला ओलावा उडत नाही. ऑइल ९५ ते ११५ अंशांत असावं. १३० दिसलं की गाडी पिटमध्ये घ्या. टर्बो पाण्यानं थंड होणाराच घ्या. पाणी खालच्या बाजूनं आत, वरच्या बाजूनं बाहेर, आणि बाहेरचा पाइप चढता ठेवा. इंजिन बंद केल्यावर गरम पाणी आपोआप वर सरकतं आणि बेअरिंगमधलं ऑइल जळून कोळसा होत नाही.

उत्तर : घाटमाथा

तापमान डॅशबोर्डच्या काट्यावर बघू नका. बऱ्याच गाड्यांत तो मोठ्या पट्ट्यात मध्येच थांबून राहतो. ईसीयूच्या लॉगमधला आकडा बघा, आणि १०५ला बूस्ट आपोआप कापला जाईल असं लावून घ्या.

तापलीच, तर कधी तापते ते आधी लिहून ठेवा. उभी असताना तापते आणि पळताना उतरते : पंखा, आवरण, फटी. हायवेला स्थिर वेगात तापते : जाळी चोंदलेली, किंवा खालचा होजपाइप पंपाच्या ओढीनं चपटा होतोय. फक्त बूस्टमध्ये तापते : आधी टायमिंग आणि मिश्रण, मग रेडिएटर. तापमानाचा आकडा ठीक आहे पण बूस्ट दिल्यावर कूलंटच्या बाटलीतलं पाणी वर येतं : हेड उचललं जातंय, गॅस रेडिएटरमध्ये शिरतोय. निळ्या द्रावाची टेस्ट करा, पाण्यात एक्झॉस्टचा गॅस आहे का ते त्यानं कळतं. तो पिवळा पडला तर रेडिएटर कितीही मोठा टाकून उपयोग नाही, हेड उघडावंच लागेल.

पाणी भरताना गाडीचं नाक चढावर ठेवा, हीटर पूर्ण गरमवर, आणि पंखा दोनदा सुरू-बंद होईपर्यंत बुडबुडे काढा. टर्बोच्या पाइपांत अडकलेली हवा पहिल्या घाटात हमखास त्रास देते.

उत्तर : आरसी_बुक

ताकद वाढवणारे असे बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२मध्ये अडकतात, आणि विमा कंपनी दावा नाकारू शकते. रस्त्यावर काढण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे लेखी विचारा. 

प्रश्नकर्ता : कात्रज_१५००

धन्यवाद सगळ्यांना. आधी फटी, पंखा आणि होजपाइप करून मूळ ताकदीवर ताम्हिणीचे आकडे लॉग करतो, मग रेडिएटरची रुंदी ठरवतो. लॉग इथेच टाकेन.