टाच सकाळीच का दुखते?

पायांच्या दुखण्यांवरच्या या चर्चेत भेगा आणि कुरुपांवर बरंच लिहून झालंय, पण सकाळी उठल्यावर पहिली पावलं टाकताना टाचेत कळ का येते, या प्रश्नावर फक्त ‘हाड वाढलंय’ एवढंच उत्तर आलंय. बहुतेक वेळा दुखणं हाडाचं नसतं. टाचेपासून बोटांपर्यंत तळव्याखाली एक जाड पट्टा असतो, प्लांटार फॅशिया. तो टाचेला जिथे जोडलेला असतो तिथे सततच्या ताणाने दुखतं. वाढलेलं हाड तर टाच अजिबात न दुखणाऱ्यांच्या एक्स-रेतही दिसतं, तेव्हा त्याचा धसका घेऊ नका.

उपाय कंटाळवाणा आहे. पाय जमिनीवर टेकवण्याआधी बोटं हाताने नडगीकडे ओढून १० सेकंद धरायची, असं १० वेळा. मग भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणायच्या. कडक फरशीवर अनवाणी चालणं बंद, घरातही मऊ तळाची चप्पल. फरक पडायला काही आठवडे, कधी महिने लागतात (इथेच बहुतेक जण सोडून देतात), पण शस्त्रक्रियेची वेळ फार थोड्यांवर येते.

कुरूप घालवायला लावतात त्या पट्टीबद्दल मात्र जरा जपून. तिच्यात बहुधा सॅलिसिलिक अ‍ॅसिड असतं आणि ते आजूबाजूची चांगली कातडीही खातं. मधुमेह किंवा पायाला बधिरपणा असेल तर ती लावू नका, घरी ब्लेड चालवणं तर नाहीच. सरळ डॉक्टरांना दाखवा.

आणि बोटांच्या बेचक्यातल्या चिखल्या: खाज थांबली म्हणून मलम लगेच सोडलं की त्या परत येतात.