म्युनिकसाठी विंटर टायर कोणते घ्यावेत? की ऑलसीझनवर भागेल?

गोल्फवाला_पुणेकर:
नमस्कार मंडळी, मार्चमध्ये पुण्याहून म्युनिकला आलो, मागच्या महिन्यात सेकंडहँड गोल्फ घेतली, साइज २०५/५५ आर १६. सोबत फक्त समर टायर मिळालेत. पुण्यात टायर पार गोटा झाला आणि पंक्चरवाला ओरडला की बदलायचे, एवढंच आपलं ज्ञान. रोज २० किमी ऑफिस आणि महिन्यातून एकदा पोरांना घेऊन गार्मिश किंवा इन्सब्रुक. काँटिनेंटल टीएस ८७०, गुडइयर अल्ट्राग्रिप परफॉर्मन्स ३, मिशेलिनचे ऑलसीझन क्रॉसक्लायमेट २ की सरळ सगळ्यात स्वस्त जे मिळतील ते? आणि ऑक्टोबरमध्ये बदलले नाहीत तर दंड होतो का?

इझारकाठी:
दंड तारखेवर नसतो हो, रस्त्यावर असतो. बर्फ, चिखलबर्फ किंवा गोठलेला थर असताना समर टायरवर सापडलात तर ६० युरो आणि फ्लेन्सबुर्गच्या खात्यात (वाहतुकीचे गुन्हे नोंदवणारं सरकारी रजिस्टर) दंडाचा एक पॉइंट. ऑक्टोबर ते ईस्टर हा लोकांचा नुसता ठोकताळा. टायरवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह हवंच, नुसतं एम+एस (मड अँड स्नो, म्हणजे चिखल-बर्फाचा जुना शिक्का) लिहिलेलं ऑक्टोबर २०२४ पासून इथे चालत नाही, सेकंडहँड सेट घेणार असाल तर आधी ते बघा.

आता खरी गोष्ट. सगळे विचारतात बर्फात कसा आहे, पण म्युनिक शहरात रस्ते लगेच साफ होतात, मीठ पडतं, म्हणजे हिवाळ्यातले बहुतेक दिवस तुम्ही ३-४ डिग्रीतल्या ओल्या डांबरावर चालवणार. स्वस्त टायर नेमका तिथे रडतो. माझा पहिला सेट असाच, नाव घेत नाही, ताज्या बर्फात झकास होता म्हणून मी खूश, आणि नोव्हेंबरच्या पावसात सिग्नलला ब्रेक दाबला तर गाडी झेब्रा क्रॉसिंग ओलांडून थांबली, बायको आठवडाभर शेजारी बसली नाही. म्हणून आधी टायरच्या लेबलवरचं ओल्या रस्त्यावरच्या पकडीचं अक्षर बघा (ए सगळ्यात चांगलं ते ई, सी च्या खाली जाऊ नका), मग एडीएसीच्या (इथला मोटार क्लब) टेस्टमध्ये तुमच्याच साइजचे ब्रेकिंगचे मीटर. तुमच्या यादीतले दोन्ही विंटर चांगले आहेत, जो स्वस्त पडेल तो उचला.

तांपेरेकर:
नोकियनचे हाक्कापेलीटा घ्या, आमच्याकडे उणे २० ला पण घट्ट धरतात!

इझारकाठी:
दादा, ते फिनलंडसाठी. ते रबर फार मऊ, इथल्या ओल्या डांबरावर ब्रेकला उलट लांब जातं.

राइनवाली:
मी ड्युसेलडॉर्फला, चार वर्षं ऑलसीझनच वापरतेय, त्यावर ते चिन्ह आहे त्यामुळे कायद्याला पण चालतं, वर्षातून दोनदा बदलायची कटकट नाही, ठेवणावळ नाही. पण आमच्याकडे बर्फ म्हणजे पोरांनी फोटो काढेपर्यंत वितळतो. उन्हाळ्यात तापलेल्या रस्त्यावर समरपेक्षा ब्रेकला जास्त अंतर लागतं हेही आहे. डोंगरात जाणार असाल तर मी तरी विंटरच म्हणेन.

इझारकाठी:
+१. इन्सब्रुकला जाताय तर अजून एक, ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल नियम लागू असतो, रस्त्यावर बर्फ असेल तर विंटर टायरला कमीत कमी ४ मिमी खोल खाच लागते, त्याखाली गेला की तो विंटर धरतच नाहीत. जर्मनीत कायद्याने १.६ चालते पण त्यावर बर्फात घाटात जायचं म्हणजे... असो. टायरच्या कडेला डीओटी कोडचे (त्यात टायर कधी बनला ते असतं) शेवटचे चार आकडे बघून घ्या, ४८२३ असेल तर २०२३ चा ४८वा आठवडा. दुकानदार जुना माल खपवतात.

गोल्फवाला_पुणेकर:
मनापासून आभार इझारकाठी आणि राइनवाली ताई. टीएस ८७० वेगळ्या रिमवर घेतोय, म्हणजे पुढच्या वेळी घरीच बदलता येतील. ते करताना काही काळजी?

राइनवाली:
टॉर्क रेंच (बोल्ट ठरलेल्या जोराने आवळायचा पाना) लागेल, आणि साधारण ५० किमी झाले की बोल्ट परत तपासा. हवा टायर थंड असताना भरा, १० डिग्री उतरलं की साधारण ०.१ बार कमी होते. आणि समर टायर बाल्कनीत उन्हात नका ठेवू, तळघरात ठेवा.

गोल्फवाला_पुणेकर:
तळघरात बायकोने आधीच लोणच्याच्या बरण्या लावल्यात. बघतो काय करता येतं ते 😄